जागा मिळते, साक्षीदार मिळत नाही

श्रावणातला रविवार होता. बाहेर रिपरिप चालू होती आणि ऐन दुपारी दोघे दारात येऊन उभे राहिले. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. आठवी ते दहावी मी तिला मराठी आणि इतिहास शिकवला. मुलगा हुक्केरीकडचा. घरी कन्नड, बाहेर मराठी, आणि मराठी इतके स्वच्छ की आमच्या गल्लीतल्या पोरांनी त्याच्याकडे शिकवणी लावावी. चहा झाला. मग मुलीने मोबाइल माझ्यापुढे धरला.

"सर, शाळेच्या सगळ्या सहली तुम्ही नेलासा. यातली कुठली जागा बरी, सांगा की."

चित्रे सरकू लागली. आंबोलीचे धुके. जांबोटीजवळचा वज्रपोहा. चोर्ला घाटातले एक वळण. गोकाकचा धबधबा, पावसाळ्यातला, तांबडालाल, १७० फुटांवरून कोसळणारा. तवंदी घाटातला एक कठडा, जिथून खाली निपाणीकडचा मुलूख पसरलेला दिसतो. शेवटी राजहंसगडाचा तट. मी म्हटले, "सहलीला चाललाय काय?"

"लग्नाला, सर. आम्ही दोघंच. आणि एक फोटो काढणारा."

दोन हार, एक मंगळसूत्र आणि वरून उडणारा ड्रोन. घरी कुणाला पत्ता नाही. तिच्या घरी कन्नड जावई चालणार नाही, त्याच्या घरी मराठी सून चालणार नाही, आणि जातीचे विचारायलाच नको. मी म्हटले, "म्हणजे पळून जाऊन?"

ती जराशी दुखावली. "पळून नव्हे, सर. आता त्याला इलोपमेंट म्हणतात. परदेशात लोक मुद्दाम असंच करतात. गर्दी नको, मानपान नको. डोंगरावर दोघंच."

राजहंसगड तेवढा नको, म्हटले. २०२३ च्या मार्चमध्ये तिथल्या शिवरायांच्या एकाच पुतळ्याचे दोन पक्षांनी एका आठवड्यात दोनदा अनावरण केले. तुमचे लग्नही कुणीतरी दुसऱ्यांदा लावील. दोघे हसली. मी मात्र हसता हसता चिडलो. कुणावर, ते त्या घटकेला कळले नाही. त्या दोघांवर नव्हे, एवढे नक्की. हा लेख त्या रागाचा आहे, आणि तो थंड व्हायच्या आत संपादकांच्या हाती देऊन टाकतो.

परदेशातल्या त्या डोंगरावरच्या लग्नाबद्दल मला तक्रार नाही. तिकडच्या जोडप्याच्या खिशात बहुधा सरकारी परवाना असतो, घरी आई फोटोची वाट बघत असते, आणि आठ दिवसांनी त्याच आईच्या अंगणात जेवणावळ उठते. आमच्याकडे 'पळून जाणे' म्हणजे काय, हे या भागात राहणाऱ्याला मी सांगायला नको. तरी सांगतो, कारण आपण फार लवकर विसरतो.

निपाणीहून बेळगावला जाताना हमरस्त्यावर वंटमुरीचा घाट लागतो. तिथल्या होस वंटमुरीत १० डिसेंबर २०२३ च्या रात्री एक मुलगा आणि एक मुलगी गाव सोडून गेली. दुसऱ्या दिवशी मुलीचा साखरपुडा भलत्याशीच ठरलेला होता. पहाट व्हायच्या आत मुलीकडचे लोक मुलाच्या घरावर चालून आले. मुलगा हाती लागला नाही, म्हणून त्याच्या ४२ वर्षांच्या आईला बाहेर ओढली, विवस्त्र केली, गावातून फिरवली आणि विजेच्या खांबाला बांधून मारली. त्याच दिवसांत, तिथून थोड्याच अंतरावर, सुवर्ण विधानसौधात राज्याचे हिवाळी अधिवेशन भरलेले होते. आपण मराठी माणसे दरसालप्रमाणे महामेळाव्याच्या परवानगीच्या वादात होतो. कायदे करणारे आणि हक्क मागणारे, दोघेही शेजारीच होते म्हणा ना.

कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या प्रकाराची आपण होऊन दखल घेतली. त्या वेळी मुख्य न्यायमूर्ती होते प्रसन्न वराळे, जन्माने निपाणीचे. बघत उभे राहिलेल्यांवर न्यायालयाचा रोख होता. द्रौपदीच्या हाकेला निदान श्रीकृष्ण धावून आला, इथे कुणी आले नाही, अशा अर्थाचे न्यायमूर्ती बोलले. मध्ये पडायला धजावला असा एखादाच माणूस निघाला, आणि त्यालाही मार खावा लागला. बाकीचे पाहत राहिले.

ते पाहत राहिलेले लोक माझ्या डोक्यातून जात नाहीत. मारणारे कोण हे पोलीस शोधतात, कोर्ट ठरवते. पाहणाऱ्यांचे काय करायचे? त्यातले कितीतरी जण भले असतील. वारी करणारे, यल्लम्माला जाणारे, पोरांची फी वेळेवर भरणारे. मी त्यांना ओळखतो असे मला वाटते, कारण ३२ वर्षांपूर्वी मी त्यांच्यातच उभा होतो.

१९९३ ची गोष्ट. माझी चुलतबहीण. तिचे एका कन्नड घरातल्या मुलाशी जमले. काकांना कळले तेव्हा घरात जे झाले ते सांगण्यासारखे नाही. एका संध्याकाळी तिच्या मैत्रिणीचा भाऊ माझ्याकडे चिठ्ठी घेऊन आला: दादा, शुक्रवारी सकाळी गोकाकला ये, आमच्याकडून कुणी नाही. मी गेलो नाही. शाळा आहे म्हणून सांगितले. खरे कारण वेगळे होते. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत मी सायकल घेऊन पुढे असायचो. घोषणा द्यायला माझा आवाज बरा. उद्या लोक म्हणतील, हा घोषणा देतो आणि याचा मेहुणा कानडी. माझ्या मनात एवढेच होते. भाषेचे प्रेम वगैरे नाही, लोक काय म्हणतील एवढेच.

तिचे लग्न झाले. धबधब्याजवळच्या एका देवळात, पुजाऱ्याने घाईघाईने अक्षता टाकल्या. साक्षीला एक फुले विकणारी बाई आणि कुठल्याशा ट्रकचा ड्रायव्हर. सुदैवाने, की दुर्दैवाने, एक फोटोग्राफर होता. त्याने दोघांना धबधब्यापुढे उभे करून फोटो काढला. तो फोटो मी नंतर पाहिला. खरोखर सुंदर आहे. तिच्या केसांवर तुषार आहेत, ते सुद्धा दिसतात.

२००८ साली तिचा नवरा गेला. बारा दिवस झाले आणि दीरांनी सांगितले, ही आमची वहिनी नव्हेच. लग्न कुठे झाले? कुणी लावले? कुणी पाहिले? तिने फोटो दाखवला. वकिलाने फोटो हातात घेऊन विचारले, यात धबधबा दिसतो, लग्न कुठे दिसते? त्या एका प्रश्नाचे उत्तर द्यायला तिला सात वर्षे लागली. पुजारी वारलेला. फुलवालीचे नाव कुणाला ठाऊक नाही. ड्रायव्हर तर कुठल्या राज्याचा, तेही ठाऊक नाही. शेवटी रेशनकार्ड, मतदारयादी, मुलाच्या शाळेच्या दाखल्यातले बापाचे नाव, असले तुकडे गोळा करून, इतकी वर्षे नवराबायको म्हणून एकत्र राहिले त्याअर्थी लग्न झालेलेच असणार, हे कायद्यातले अनुमान तिच्या मदतीला आले. तारखांना मी तिच्याबरोबर जात असे. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसून मी एकच हिशेब करी: त्या शुक्रवारी मी एक दिवसाची रजा टाकली असती तर हिची सात वर्षे वाचली असती. ती मात्र मला कधी एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

आता ही आजची पोरे माझ्यासमोर मोबाइल धरून विचारतात, सर, कुठली जागा बरी?

मंडळी, एकांत आणि देखावा यांनी लग्न होत असते तर शकुंतलेइतके पक्के लग्न जगात दुसरे झाले नसते. मालिनीचा तीर, कण्वांचा आश्रम, हरणे, वेली. तिच्या पलीकडची जागा कुणी दाखवावी. साक्षीला मात्र दोन मैत्रिणी, त्याही तिच्याच बाजूच्या. कण्वमुनी घरी नाहीत. पुरावा म्हणून एक अंगठी, ती नदीत पडली. मग भरल्या दरबारात राजा म्हणतो, मी हिला ओळखत नाही. आपल्या मराठी संगीत रंगभूमीने १८८० साली याच कथेवर आपली पहिली मोठी बाजी मारली, आणि ते 'शाकुंतल' रचणारे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्माने आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, म्हणजे कन्नड मुलखातले. शंभरावर वर्षे आपण ते नाटक बघतो, पदांना वन्समोअर देतो आणि पाचव्या अंकात डोळे पुसतो. त्यातली साधी कायद्याची गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही.

उलट रुक्मिणी पाहा. तिनेही जागा निवडलीच होती. भाऊ शिशुपालाशी लग्न लावायला निघालेला. तिने ब्राह्मणाच्या हाती श्रीकृष्णाला निरोप धाडला आणि त्यात ठिकाणसुद्धा कळवले. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या कुळाचाराप्रमाणे नवरी गावाबाहेर अंबिकेच्या दर्शनाला जाते, तिथे ये. का ती जागा? निसर्ग चांगला म्हणून नव्हे. तिथे तिला उजळ माथ्याने जाता येत होते आणि तिथे सगळे राजे, सगळे सैन्य, सगळे गाव बघायला हजर असणार होते. दुसऱ्या दिवशी कुणी म्हणू शकणार नव्हते की आम्हाला ठाऊक नाही. आणि गंमत अशी, की एकनाथांचे 'रुक्मिणी स्वयंवर' आपण घरोघर लग्नाच्या मुलींकडून वाचून घेतो, लवकर चांगले स्थळ यावे म्हणून! मुलगी पोथीत आईबापांच्या डोळ्यांदेखत रोज पळून जाते आणि आई निरांजन ओवाळते. तीच मुलगी खरोखर एखाद्याचे नाव घेते तेव्हा पोथी फडताळात जाते आणि काठी बाहेर येते.

इंग्रजांचे उदाहरण द्यायचेच असेल तर मी दुसरे देतो, कारण ते आपल्यासारखे हद्दीवरचे आहे. इंग्लंडात १७५३ साली कायदा झाला आणि २१ वर्षांखालच्या मुलामुलींना आईबापांच्या मर्जीविरुद्ध लग्न करणे जवळजवळ अशक्य झाले. शेजारच्या स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता. तिथे साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना नवराबायको म्हटले की लग्न झाले. मग पोरे घोडागाडी जोडून उत्तरेला सुटत. हद्द ओलांडल्यावर पहिले गाव लागे ग्रेटना ग्रीन, आणि तिथल्या लोहाराच्या दुकानात ऐरणीपुढे लग्न लागे. मागून बापाची गाडी धुरळा उडवीत येतच असे. १८५६ साली तिथे २१ दिवस राहण्याची अट आली तेव्हा ही धावपळ मंदावली. लोहाराच्या दुकानात काय देखावा असणार? कोळसा आणि धूर. पण तिथे कायदा होता आणि साक्षीदार होते, म्हणून ती जागा.

आपल्या पोरांचा समज असा, की कोगनोळी ओलांडून कोल्हापूरला गेले की ग्रेटना ग्रीनसारखे सगळे सोपे होते. कोल्हापूर किंवा थेट आळंदी. पण लग्नाचे हे कायदे दिल्लीचे. ते कोगनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे एकच. बदलते ती पाट्यांची भाषा. तेव्हा ते कायदे काय म्हणतात ते जरा सविस्तर सांगतो, वाचकांनी कंटाळू नये. मी कोर्टाच्या व्हरांड्यात सात वर्षे बसून ते शिकलो आहे.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याला दोघांपैकी एकाच्या तरी रूढीप्रमाणे विधी पाहिजेत. सप्तपदी रूढीत असेल तर सात पावले पुरी झाली पाहिजेत. नुसता हार घालून भागत नाही. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातला एक खटला गेला, भाऊराव लोखंडे यांचा. पहिली बायको असताना दुसरे लग्न केल्याचा आरोप. दुसरे लग्न लागले होते 'गांधर्व' पद्धतीने. न्यायालय म्हणाले, यात आवश्यक विधी झालेलेच नाहीत, तेव्हा कायद्याच्या नजरेत हे लग्न नव्हे, आणि लग्न नाही तर द्विभार्येचा गुन्हाही नाही. पुरुष सुटला. त्या दुसरीचे काय? ती लग्नाची म्हणून घरात आली होती. न्यायालयातून बाहेर पडताना ती कुणीच नव्हती. उलटा प्रकारही आहे. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले, की विधी न करता नुसते नोंदणीचे सर्टिफिकेट आणले तर तेही हिंदू विवाह ठरत नाही. तामिळनाडूने १९६७ साली आपल्यापुरती दुरुस्ती करून पुरोहिताशिवायच्या स्वाभिमान विवाहाला कायद्यात जागा दिली. आपल्याकडे, ना कर्नाटकात ना महाराष्ट्रात, तशी सोय नाही. तेव्हा धुक्यात, कठड्यावर, ड्रोनखाली जे होते ते फार झाले तर फोटो काढणे होय.

आणि दुसरा कायदा १९५४ चा, विशेष विवाह कायदा, ज्याला आपण 'रजिस्टर लग्न' म्हणतो आणि म्हणताना आवाज खाली आणतो, जणू काही सोयरसुतकच. यात जात, धर्म, भाषा कशाचाच प्रश्न नाही. दोघांपैकी एक जण निदान ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहिला असेल तिथल्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची. ती फळ्यावर लागते. ३० दिवसांत हरकत घेता येते, पण हरकतीची कारणे मोजकी: आधीचा जोडीदार हयात असणे, वय कमी असणे (मुलगा २१, मुलगी १८), मन ठिकाणावर नसणे, नाते निषिद्ध असणे. 'आमच्यात चालत नाही' हे कारण त्या यादीत नाही. मग दोघांनी आणि तीन साक्षीदारांनी सह्या करायच्या. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागले पाहिजे, नाही तर पुन्हा नोटीस.

आणि आता या लेखाच्या विषयाचे कलम, बारावे. लग्न अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावावे, किंवा तिथून वाजवी अंतरावर, त्या दोघांना पाहिजे त्या जागी, जादा फी भरून. कुठल्याही पद्धतीने लावावे. एकच अट, अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांना, मी तुला कायदेशीर पती म्हणून, पत्नी म्हणून स्वीकारतो, अशा अर्थाचे वाक्य म्हटले पाहिजे, आणि ते त्या दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत. कोणत्याही भाषेत! भाषावार प्रांतरचनेचे भांडण देशभर ऐन भरात असताना, १९५४ साली, कुणीतरी हे कलम लिहून ठेवले. तिने मराठीत म्हणावे, त्याने कन्नडमध्ये म्हणावे, लग्न तेवढेच पक्के. मी त्या मुलीला हे सांगितले तेव्हा तिला वाटले मी थट्टा करतोय. "म्हणजे साहेब डोंगरावर येतात, सर?" वाजवी अंतर असेल आणि साहेब तयार असतील तर येतात. जागेची अडचण कायद्याने सत्तर वर्षांपूर्वी सोडवून ठेवली आहे.

"आणि तीन साक्षीदार?" तिने विचारले, आणि गप्प झाली. ड्रोनवाला एक. मुलाचा मित्र दुसरा, पण तो बापाला घाबरतो. तिसरे नाव त्यांच्याजवळ नव्हते. दोन्ही घरांची माणसे धरली, भावकी धरली, मामेमावशा धरल्या, तर शंभरावर डोकी भरतात. त्यांतला एक हात सहीला पुढे येईना.

यावर एक सरळ आक्षेप येईल, आणि तो मला मान्य आहे. मास्तर, तुम्ही उघडपणाच्या गप्पा मारता; नोटीस फळ्यावर लागली की गावचा कुणीतरी मोबाइलवर फोटो काढणार आणि संध्याकाळी बाप दारात उभा. खरे आहे. मुलीचे कायमचे राहणे दुसऱ्या जिल्ह्यातले असेल तर नोटिशीची प्रत तिकडच्या कार्यालयातही जाते आणि तिथेही लागते, म्हणजे कोल्हापूरला पळूनही बेळगावच्या फळ्यापासून सुटका नाही. ज्या घरात काठी आहे तिथल्या मुलीला मी नोटीस दे असे डोळे मिटून सांगणार नाही. अशांसाठी २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात पोलिसांना कामे नेमून दिली आहेत: संरक्षण द्यायचे, जिल्ह्यात सुरक्षित घर ठेवायचे, धमकी आली तर वेळ न दवडता दखल घ्यायची. ते मागायला हवे, लेखी मागायला हवे. पण पोलीस ठाण्याची पायरी चढताना त्या पोरांबरोबर कोण जाणार? पुन्हा तेच. वडीलधारे एक माणूस बरोबर असले तर फौजदार खुर्ची देतो. नुसती दोन पोरे गेली तर आधी मुलीच्या बापाला फोन जातो. घराण्यात, गल्लीत, शाळेत ज्याचे चारचौघे ऐकतात अशा माणसाने सोबत जायचे असते. आपण जात नाही, म्हणून ती घाटात जातात.

मला राग कुणाचा आला होता, ते मला त्या रात्री कळले. आपल्याइतके कागदाचे मोल जाणणारे लोक भारतात दुसरे नसतील. १९५६ पासून आपण आपले गाव मराठी आहे हे सिद्ध करीत आहोत. जनगणनेचे आकडे, जुने उतारे, मराठी शाळांचे पट, ग्रामपंचायतीचे ठराव, सगळे आपण ट्रंकेत जपून ठेवले. महाजन आयोगापुढे नेले, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा लावून बसलो. आमचे म्हणणे तोंडी नाही, पुराव्यानिशी आहे, हे सांगताना आपला ऊर भरून येतो, आणि ते योग्यच आहे. त्याच आपण, आपल्या पोटच्या मुलीला मात्र एक हार आणि एक धबधबा देऊन निरोप देतो. तिच्या लग्नाला कागद नाही, साक्ष नाही, नोंद नाही. आणि ती सगळी आपण असू शकलो असतो.

मराठीचे काय होईल, असे विचारणारे विचारतील. मला विचारा. माझ्या त्या चुलतबहिणीचा मुलगा आज तिशीच्या उंबरठ्यावर आहे. आईशी मराठी, आजीशी कन्नड, बायकोशी दोन्ही. त्याच्या घरात हा दिवाळी अंक दरवर्षी विकत घेतला जातो. आमच्या सख्ख्या भावकीत, जिथे सगळी स्थळे चोख मराठी, तिथली नातवंडे इंग्रजी शाळेत जातात आणि मला 'अंकल' म्हणतात. कन्नड सून किंवा जावई आला म्हणून मराठी बुडाल्याचे एक घर मला दाखवावे. मी सायकल घेऊन पुन्हा फेरीत पुढे होतो.

तर त्या दोघांना मी सांगितले, जागा मागाहून शोधा. आंबोली कुठे पळून जात नाही. पितृपंधरवड्यात त्यांनी नोटीस दिली. त्या दिवसांत सब-रजिस्ट्रारकडे लग्नाची गर्दी नसते, एवढाच त्यातला मुहूर्त. त्याआधी दोन्ही घरी मी स्वतः जाऊन बोललो. मुलाच्या वडिलांनी पाणी दिले, चहा दिला, सगळे ऐकून घेतले आणि उठताना म्हणाले, "नोडोण, सर." मुलीच्या वडिलांनी बसायला सांगितले नाही. पण दारातूनच म्हणाले, "बघूया, सर." हद्दीच्या दोन्ही अंगांना उत्तर एकच मिळाले, आणि काठी कुणी काढली नाही, यात मी समाधान मानले.

हा अंक छापून निघेपर्यंत नोटिशीचे ३० दिवस पुरे झालेले असतील. तारीख तुळशीच्या लग्नानंतरची धरली आहे. जागा माझ्या घरामागचे परसू. कार्यालयापासून अंतर वाजवीच आहे, साहेबांना अर्ज दिला आहे. एक चाफा आहे, विहीर आहे, पलीकडे ऊस आहे. मुलीने येऊन फोटो काढून नेले आणि उजेड चांगला आहे म्हणाली.

पहिली सही माझी. दुसरी माझ्या चुलतबहिणीची. तिला विचारायला गेलो तेव्हा तिने नुसता चष्मा काढून पुसला आणि तारीख विचारली. तिसऱ्या सहीसाठी मी मुलीच्या धाकट्या काकांकडे गेलो. तेही माझेच विद्यार्थी, १९९० च्या बॅचचे. पहिल्या खेपेला त्यांनी शाळा, बँक, कारखान्याचे बिल अशा पुष्कळ गोष्टी काढल्या. दुसऱ्या खेपेला घरात असून नाहीत म्हणून सांगितले गेले. चप्पल दारातच होती. वसुबारसेला मी पुन्हा जाणार आहे.